घरी शिशाची वजनं दाबताना कडा भरत नाहीत, घडी पडते, वजन कमी-जास्त येतं. जास्त टनाचा जॅक घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही घणसोलीत राहता आणि गळाला लावायची १० ग्रॅमची शिशाची वजनं घरीच, न वितळवता, थंड दाबून बनवता. ५ टनी बॉटल जॅक, लेथवर काढून घेतलेली माइल्ड स्टीलची (साध्या मऊ पोलादाची) डाय, म्हणजे साचा, तिला १० मिलिमीटरचं भोक आणि तळाला निमुळतं टोक. आत ६ मिलिमीटरची शिशाची तार तोडून टाकता, वरून पंच, म्हणजे भोकात बसणारा दांडा, दाबता, आणि नंतर तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) जायला ड्रिलने भोक पाडता. टोक आणि कडा भरत नाहीत, अंगावर घडीसारखी रेघ येते, वर एका बाजूला पातळ पापुद्रा निघतो, वजन ९.६ पासून १०.५ पर्यंत फिरतं आणि हल्ली तर माल डायमधून सुटतच नाही. म्हणून १० टनी जॅक घ्यायचा विचार आहे. सोबत फोटोही टाकलेत. शेवटी जाता जाता विचारलंय की हे सगळं बाल्कनीत चालतं आणि घरात लहान मुलगी आहे, तर काही काळजी घ्यावी का.

मी रबाळे एमआयडीसीत टूलरूममध्ये डाय-पंचचं काम करतो आणि सुट्टीला ऐरोलीच्या बाजूने ठाणे खाडीवर गळ टाकतो, त्यामुळे प्रश्नाच्या दोन्ही बाजू माझ्या ओळखीच्या आहेत. १० टनी जॅक घेऊ नका. तुमच्याकडे दाब कमी नाही, जास्त आहे, आणि शेवटची तक्रार, म्हणजे माल अडकणं, बहुधा त्या जास्त दाबामुळेच सुरू झाली आहे.

हिशोब करून बघा. १० मिलिमीटर भोकाचं क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस मिलिमीटर. ५ टनी जॅक पूर्ण ताणलात तर आत चौरस मिलिमीटरमागे ६३-६४ किलो दाब येतो. माइल्ड स्टील २५ किलोच्या आसपास कायमचं ताणायला लागतं. शुद्ध शिशाची ताकद दीड किलोच्या आसपास. बंद डायमध्ये कोपऱ्यात शिरायला त्याच्या कित्येक पट दाब लागतो हे खरं, पण एक टन दिलात तरी चौरस मिलिमीटरमागे साडेबारा किलो मिळतात आणि या आकाराला ते पुरतात. बॉटल जॅकला हात कुठे थांबवायचा हे कळत नाही. कड भरत नाही म्हणून माणूस अजून दोन दांडे मारतो, शिसं जागच्या जागी राहतं आणि डाय आतून फुगते. मग भोक मध्ये किंचित मोठं आणि तोंडाशी लहान होतं, आणि दाबलेलं वजन त्या तोंडातून बाहेर यायला नकार देतं. डायचं भोक तोंडाशी आणि मध्ये, दोन ठिकाणी बोअर गेजने (भोकाचा आतला व्यास मोजायच्या मापकाने) मोजून घ्या. आमच्यासारख्या कुठल्याही टूलरूममध्ये हे पाच मिनिटांचं काम आहे. मध्ये मोठं निघालं तर त्या डायला पॉलिश मारत बसू नका, ती गेली.

आता मुळाकडे येतो, आणि मूळ तुमच्या तारेत आहे.

१० ग्रॅम शिशासाठी ६ मिलिमीटरच्या तारेचा साधारण ३१ मिलिमीटर लांबीचा तुकडा लागतो. शिशाची घनता ११.३४, तेव्हा या तारेचा एक मिलिमीटर ०.३२ ग्रॅमचा. म्हणजे तुकड्याची लांबी त्याच्या जाडीच्या पाचपट झाली. कुठलाही धातू उभा दाबताना आधार नसलेली लांबी जाडीच्या अडीच-तीन पटींपेक्षा जास्त असली की तो सरळ फुगत नाही, आधी मध्ये वाकतो. तुमच्या डायमध्ये तारेभोवती दोन-दोन मिलिमीटरची मोकळी जागा आहे, तेवढी वाकायला भरपूर. तार वाकते, भिंतीला टेकते, स्वतःवरच दुमडते आणि वरून दाब आला की ती घडी बंद होते. बाहेरून एक बारीक रेघ दिसते, पण आत दोन पृष्ठभाग नुसते एकमेकांना चिकटून उभे असतात. मध्ये तेलाचा आणि काळपट ऑक्साइडचा थर असल्यामुळे ते एकजीव होत नाहीत.

खात्री करायची तर घडी पडलेलं एक वजन व्हाइसमध्ये धरा आणि रेघेच्या दोन बाजूंनी पक्कड लावून वाकवा. रेघेवर ते पुस्तकासारखं उघडेल आणि आतली बाजू काळी, तेलकट दिसेल. नवीन फाटलेलं शिसं चकचकीत निळसर असतं, त्यामुळे जुना पृष्ठभाग कोणता हे लगेच ओळखता येतं.

उपाय असा की तुकडा जाड आणि आखूड घ्या. ८ मिलिमीटरची तार मिळाली तर १० ग्रॅमला साडेसतरा मिलिमीटर लागतील. लांबी जाडीच्या दुपटीहून थोडी जास्त, घडी पडायचं कारण राहत नाही. साडेनऊ मिलिमीटरची कांडी मिळाली तर साडेबारा मिलिमीटर पुरतात आणि ती डायमध्ये सैल पण सरळ उभी राहते, हे सगळ्यात उत्तम. तारवाल्याकडे जाड तार नसेल तर ६ मिलिमीटरच्या तुकड्यालाच आधी दुसऱ्या, ७ मिलिमीटरच्या भोकात हलकं दाबून जाड करा. तिथे तारेला चहूबाजूंनी आधार असल्यामुळे ती दुमडत नाही. एक टप्पा वाढतो, पण अंगावरची रेघ जाते.

तुकडे तोडायची पद्धतही बदला. साध्या पक्कडीने तोडलं की टोक चिमटल्यासारखं पाचरीच्या आकाराचं होतं. लांबी नेमकी मोजता येत नाही आणि ती पाचर दाबताना बाजूला वळून पुन्हा छोटी घडी घालते. एका पट्टीत तारेच्या मापाचं भोक, मागे एक थांबा आणि पुढून सरकणारी पाती, एवढं साधं कटर बनवून घेतलं की टोकं सपाट येतात.

कडा न भरण्याची दोन कारणं असतात आणि ती नुसत्या नजरेने वेगळी करता येतात. न भरलेला भाग उजेडात तिरका धरा. तिथे तारेच्या मूळच्या रेषा किंवा तोडल्याची खूण अजून दिसत असेल तर शिसं तिथवर पोचलेलंच नाही. माल कमी पडतोय, किंवा शिसं कडक आहे. पण तिथे गुळगुळीत, चकचकीत, गोल काठाचा खळगा असेल तर तिथे तेल अडकलं होतं. तेल दाबलं जात नाही. टोकाच्या खोबणीत एक थेंब साचला की दहा टनांनीही तो खळगा भरणार नाही, कारण शिशाला जायला जागाच नाही. तुमच्या फोटोतला टोकाचा खळगा मला दुसऱ्या प्रकारचा वाटतो. तुम्ही डायमध्ये थेट तेल सोडता असं लिहिलंय, ते बंद करा. जुन्या सुती फडक्यावर एरंडेलचे दोन-चार थेंब घ्या आणि तुकडे त्यात घोळवा, बोटाला नुसता ओशटपणा जाणवेल इतकंच. एरंडेल घट्ट असतं, दाबाखाली पटकन बाजूला पळत नाही, म्हणून या कामाला ते इंजिन ऑइलपेक्षा चांगलं. थोडं लॅनोलिन (लोकरीतून निघणारं मेण) मिसळलं तर आणखी बरं.

टोकाला हवाही अडकते. तुमच्या डायला खालून माल ढकलायची पिन नाही, तुम्ही डाय उलटी करून ठोकता. नवीन डाय कराल तेव्हा टोकाशी ३ मिलिमीटरची इजेक्टर पिन ठेवाच. पिनेभोवतीच्या बारीक फटीतून हवा आणि जास्तीचं तेल निघून जातं, आणि ठोकाठोक थांबते. फट मोठी ठेवलीत तर टोकाला शिशाची मिशी फुटेल, तेव्हा पिन लॅप करून, म्हणजे बारीक पेस्टने घासून नेमक्या मापाला आणून, बसवून घ्या.

वरचा पापुद्रा, आमच्या भाषेत बर. पंच आणि डाय यांच्यातल्या फटीत शिसं चढतं. चारी बाजूंनी सारखा बर असेल तर फट मोठी किंवा दाब जास्त. तुमचा एका बाजूला आहे, म्हणजे पंच मध्यावर नाही. आता तो पंचामुळे की जॅकच्या फ्रेममुळे, हे असं शोधा: डायच्या काठावर आणि पंचाच्या अंगावर सेंटर पंचने एकेक टिंब मारा. टिंबं समोरासमोर ठेवून एक वजन दाबा आणि बर कुठे आला ते बघा. मग पंच अर्धा फेरा फिरवून दुसरं दाबा. बर पंचाबरोबर फिरला तर पंच वाकडा किंवा एकीकडे जास्त घासलेला. बर होता तिथेच राहिला तर डायही अर्धा फेरा फिरवून बघा. तरीही जागा तीच राहिली तर फ्रेम काटकोनात नाही, जॅक तिरका चढतोय. घरी वेल्ड केलेल्या फ्रेमला बहुतेक वेळा हेच निघतं. पंचाच्या डोक्यावर जॅक सरळ टेकवू नका, मध्ये बेअरिंगची एक कडक गोळी ठेवायला खळगा करा. जॅक थोडा तिरका असला तरी जोर पंचाच्या मध्यातून जाईल. पंच-डायमधली फट दोन-तीन शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त नको.

हीच टिंबाची युक्ती उभ्या ओरखड्यांनाही लागू पडते. ओरखडा प्रत्येक वजनावर त्याच जागी असेल तर डायला चरा आहे. जागा बदलत असेल तर शिशात कचरा किंवा लोखंडाचा कीस रुतलाय. असला कीस बोटाने काढू नका, तो तुकडाच बाजूला टाका, नाहीतर चरा कायमचा डायला पडेल. डायला पॉलिश करायचं तेव्हा शेवटचा हात उभा, म्हणजे माल ज्या दिशेने निघतो त्या दिशेने मारा. लेथवर गोल फिरवून पेपर लावला की आडव्या बारीक कडा राहतात आणि शिसं त्यांना धरून बसतं.

वजनातल्या फरकाकडे बघताना आधी व्हर्निअर घ्या. जड वजन लांब आणि हलकं वजन आखूड निघत असेल तर कापणीत फरक आहे, दुसरं काही नाही. शिसं दाबून लहान होत नाही, जेवढं टाकाल तेवढं मिळणार. लांबी सारखी आणि वजन मात्र कमी असेल तर आत पोकळी आहे किंवा ते शिसं वेगळ्या जातीचं आहे.

कापणी कितीही सुधारली तरी वजन एका जागी आणायचं असेल तर डायच्या बाजूच्या भिंतीत एक मिलिमीटरचं भोक पाडा आणि पंचाला कॉलर बसवा, म्हणजे तो ठरलेल्या खोलीवर थांबेल. तुकडा तीन ते पाच टक्के जड कापा. पंच खाली येतो, आधी कोपरे भरतात, मग उरलेलं शिसं त्या भोकातून शेवयीसारखं बाहेर येतं आणि कॉलर टेकली की थांबतं. आत राहिलेलं आकारमान प्रत्येक वेळी तेच, म्हणून वजनही तेच. माल वर ढकलला की शेवयी भिंतीशी आपोआप कापली जाते. भोक मोठं ठेवायचा मोह होईल कारण हाताला हलकं लागतं, पण दोन मिलिमीटरचं पाडलंत तर कोपरे भरायच्या आधीच शिसं पळून जाईल. कॉलर टेकल्यावर दोन सेकंद दाब धरून ठेवा. शिसं सावकाश वाहणारा धातू आहे, बारीक कोपऱ्यात शिरायला त्याला तेवढा वेळ द्यावा लागतो. शेवया फेकू नका, डब्यात जमा करा.

शिसं कुठलं, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि ते लिहायला हवं होतं. तुमच्या एका फोटोत कडेला बारीक उभ्या चिरा दिसतात. शुद्ध शिसं असं चिरत नाही. ते खोलीच्या तापमानालाच पुन्हा मऊ होतं, कितीही ठोका. चिरा म्हणजे त्यात बहुधा अँटिमनी आहे, हा शिशाला कडक करणारा धातू. टायरवाले चाकाला बॅलन्सिंगसाठी लावतात त्या वजनांमध्ये अँटिमनी असतं, आणि हल्ली त्यात जस्ताची आणि लोखंडाचीही मिसळलेली असतात. ओतायला ते चालेल, थंड दाबायला नको. पारख सोपी आहे: शुद्ध शिशावर नखाने सहज ओरखडा उठतो, कागदावर घासलं तर करडी रेघ उमटते आणि फरशीवर टाकलं तर बद्द आवाज येतो. कडक मिश्रण थोडं खणखणतं. एक्स-रे खोलीच्या भिंतीत घालतात त्या शिशाच्या पत्र्याचे तुकडे भंगारात मिळाले तर ते या कामाला फार चांगले, जवळजवळ शुद्ध असतात.

जुनी बॅटरी मात्र फोडू नका. तिच्या जाळ्यांत अँटिमनी किंवा कॅल्शियम असतं, म्हणजे दाबायलाही ती निरुपयोगी, आणि आतला लगदा आम्लाने आणि शिशाच्या संयुगांनी भरलेला असतो. जुनी बॅटरी ती गोळा करणाऱ्याकडे किंवा तिचं रिसायकलिंग करणाऱ्याकडे द्यायची, असं २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत आहे.

आता मुलीबद्दल. तुम्ही हे शेवटच्या ओळीत विचारलंत, मी ते सगळ्यात वर ठेवेन. बाल्कनीतलं हे काम आजपासून बंद करा. न वितळवल्यामुळे धूर नाही म्हणून सुरक्षित आहे असं तुम्हाला वाटतंय, आणि धुराचा धोका नाही हे खरंही आहे. पण ड्रिलचा कीस, बराचे पापुद्रे, जुन्या तारेवरची पांढरी पावडर आणि तुमच्या बोटांवरचा करडा थर, हे सगळं बाल्कनीतून चपलेला, टॉवेलला, दाराच्या कडीला लागून घरात येतं. लहान मूल जमिनीवर खेळतं आणि हात तोंडात घालतं. पोटात गेलेल्या शिशापैकी मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार ते पाच पट मुरतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि मुलांसाठी रक्तातलं शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित धरता येत नाही. परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो आणि तो भरून येत नाही. सुरुवातीला काही दिसतही नाही, मूल हसतं-खेळतंच असतं. म्हणून मुलीच्या डॉक्टरांना हे काम घरात चालत होतं हे स्पष्ट सांगा आणि रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. साध्या पॅथॉलॉजी लॅबमधून नमुना पाठवता येतो. घरात कुणी गरोदर असेल तर त्यांनाही सांगा.

बाल्कनी झाडूने झाडू नका, धूळ उडेल. साबणाच्या पाण्यात ओली केलेली फडकी वापरून पुसा, दोनदा, आणि ती फडकी पिशवीत बांधून ठेवा. धुऊन पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका. एरंडेलची वाटी, फडकं, काटा, सगळं या कामाचं वेगळं. पुढे करायचंच असेल तर एखाद्या मित्राच्या गाळ्यात करा, कामाचे कपडे तिथेच बदला आणि ते घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. ड्रिलही टाळता येईल: डायमध्ये मध्यावर उभी पिन ठेवून पंचाला पोकळ केलंत तर भोक दाबतानाच पडतं आणि कीस होतच नाही. तसं केलंत तर तुकड्यालाही आधी भोक लागेल आणि वजनाचा हिशोब पिनेएवढा बदलेल, हे लक्षात ठेवा.

आपण ज्या खाडीत हे टाकतो तिचंही बोलायला हवं. ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये तिला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा, मिळाला. चिखलात चोच घालून खाणारे पक्षी खड्याबरोबर शिशाचा लहान तुकडाही गिळतात. इंग्लंडमध्ये याच कारणाने हंस मरायला लागले, तेव्हा १९८७ पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या गळ-वजनांची विक्री तिथे बंद झाली. तुमचं १० ग्रॅमचं वजन बरोब्बर त्या मापात बसतं. जिथे खडक आणि जुन्या जाळ्यांत वजन हमखास तुटतं, तिथे मी लोखंडी नट बांधतो. त्याच वजनाला आकार दीडपटीच्या जवळ जातो, पाण्यात थोडा जास्त ओढला जातो, पण जिताड्याला किंवा शिंगाळ्याला त्याने फरक पडलेला मला दिसला नाही. उधाणाच्या जोरात, जिथे लहान आकारात भार हवाच, तिथेच शिसं वापरा आणि तुटलेली तंगूस ओहोटीला जाऊन उचलता येत असेल तर उचला.

जॅकसाठी बाजूला काढलेले पैसे नव्या डायला लावा. माइल्ड स्टील नको, टूल स्टील घ्या, बाहेरचा व्यास भोकाच्या निदान चौपट ठेवा, हार्डनिंग झाल्यावर भोक लॅप करून घ्या आणि इजेक्टर पिन, बाजूचं एक मिलिमीटरचं भोक आणि पंचाची कॉलर ड्रॉइंगमध्ये आधीच दाखवा, नंतर कडक डायला साध्या ड्रिलने भोक पाडणं जमत नाही. त्या डायमध्ये जाड, आखूड, शुद्ध शिशाच्या तुकड्यानेही टोक भरलं नाही, तर एक वजन धारदार सुरीने उभं चिरून आतल्या बाजूचा फोटो टाका, आणि सोबत तुकड्याची जाडी, लांबी आणि काट्यावरचं वजन लिहा.